सेलममध्ये कोणालाही जाळलं नव्हतं, सबटायटलमध्ये मात्र मी सतरा वर्षं जाळतेय

प्रश्न असा होता: एक सिरीज बघून झाली, त्यात नायिकेच्या खापरपणजीला सेलममध्ये, म्हणजे चेटकिणींच्या खटल्यांसाठी गाजलेल्या अमेरिकेतल्या गावात, खांबाला बांधून जाळलेलं असतं, नायिका म्हणते आमचा विक्का धर्म येशूच्याही आधीचा, आणि शेवटच्या भागात सगळ्याजणी सैतानापुढे गुडघे टेकतात. न्यू जर्सीतली मावसबहीण म्हणाली की तिची एक मैत्रीण विक्कन, म्हणजे हाच धर्म पाळणारी, आहे आणि असलं काही लागलं की ती सरळ टीव्ही बंद करते. तर ह्यात खरं किती, आणि जाता जाता, मराठीत ‘विच’ला म्हणायचं काय?

उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बसा. मी सबटायटल आणि डबिंगच्या स्क्रिप्ट लिहिते, हिंदी आणि मराठी, सतरा वर्षं झाली. त्याआधी इतिहासात एमए केलं होतं, ते ह्या धंद्यात फक्त चिडचिड होण्यापुरतं कामाला येतं. एकदा एका चेटकिणीच्या सिरीजचं काम नीट झालं आणि तेव्हापासून जे काही झाडूवालं असेल ते माझ्याकडेच येतं. मी स्वतः विक्कन नाही, हेही सांगून ठेवते.

आधी एक गोष्ट मान्य करू. सिरीज कुठल्या जातीची आहे त्यावर बरंच अवलंबून आहे. सगळं गाव, सगळे नियम काल्पनिक असतील तर तिथे इतिहास विचारणं म्हणजे परीकथेतल्या राजाला सातबारा विचारण्यासारखं आहे. पण सिरीज खरं गाव घेते, खरं साल घेते, खटल्यात खरोखर फासावर गेलेल्या बायकांची नावं घेते, तेव्हा मात्र विचारायचा हक्क आहे. दुसरं म्हणजे विक्का ही एकसारखी गोष्ट नाही, कोणी रीतसर दीक्षा घेऊन गटात असतो, कोणी घरी एकटाच दिवा लावून बसतो, त्यामुळे ‘विक्कन लोक असं करतात’ ह्या प्रकारचं माझं कुठलंही वाक्य थोडं सैल धरा.

तुमचा प्रश्न तपशिलांचा वाटतो, जाळलं की फाशी दिलं वगैरे, पण खरा घोळ वेगळा आहे. सिरीजवाले दोन गोष्टी फेव्हिकॉलने चिकटवतात. एक म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातले चेटकाचे खटले, ज्यात ओढली गेलेली माणसं साधी चर्चला जाणारी, शेजाऱ्यांशी भांडणारी, बरीचशी गरीब अशी होती. आणि दुसरी म्हणजे विक्का, जो विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेला धर्म आहे. पहिल्यातून दुसरं जन्मलं असं दाखवलं की गोष्ट भारी होते, वंश मिळतो, सूड मिळतो. फक्त तसं झालेलं नाहीये.

सेलम घेऊ. १६९२ साल, मॅसॅच्युसेट्स. एकोणीस जणांना फाशी दिलं, त्यात चौदा बायका आणि पाच पुरुष. जाइल्स कोरी नावाचा ऐंशीच्या घरातला एक म्हातारा, त्याने कोर्टापुढे ‘गुन्हा कबूल’ की ‘नाकबूल’ हे सांगायलाच नकार दिला, तर त्याच्या छातीवर दगड रचत रचत त्याला चिरडून मारलं. आणखी किमान पाच जण तुरुंगातच गेले. जाळलं एकालाही नाही. कारण साधं आहे, ती इंग्रज वसाहत, आणि इंग्लंडच्या कायद्यात चेटूक हा चोरी-खुनासारखा फौजदारी गुन्हा होता, त्याला शिक्षा फाशी. जर्मन राज्यांत, फ्रान्समध्ये, स्कॉटलंडमध्ये चिता असायची, स्कॉटलंडमध्ये बहुतेकदा आधी गळा आवळून मग प्रेत जाळायचे. म्हणजे ‘जाळलं’ हे वाक्य युरोपात बऱ्याच ठिकाणी बरोबर आहे, सेलममध्ये नाही. ‘चार्म्ड’ आठवतेय? १९९८ ते २००६ चालली, त्यातल्या बहिणींची मूळ पूर्वज मेलिंडा वॉरन सेलमला जाळलेली दाखवलीय. माझ्या मते एका पिढीच्या डोक्यात ती चिता तिथूनच पेटली.

पण चिता की फास ही चूक मला आता छोटी वाटते. मोठी कुठली ते एका उदाहरणाने सांगते. २०१४ ते २०१७ ‘सेलम’ नावाचीच एक सिरीज होती, तिची नायिका मेरी सिब्ली, गावातली सगळ्यात ताकदवान चेटकीण, पडद्याआडून खटले तीच चालवते. खरी मेरी सिब्ली काय होती? पाद्री सॅम्युएल पॅरिसच्या शेजारची एक बाई. पॅरिसच्या घरातल्या दोन लहान मुली झटके आल्यासारख्या वागायला लागल्या, तेव्हा तिने एक तोडगा सुचवला. राईचं पीठ घ्यायचं, त्यात त्या मुलींची लघवी मिसळायची, निखाऱ्यात भाकरी भाजायची आणि घरच्या कुत्र्याला खायला घालायची, म्हणजे कोणी करणी केलीय ते कळेल. आपल्याकडे दृष्ट काढून मिरच्या चुलीत टाकतात आणि ठसका आला नाही की म्हणतात लागलीच होती, त्याच जातीचं हे. पॅरिसच्या घरात गुलाम असलेली टिट्युबा आणि जॉन इंडियन ह्यांनी ती भाकरी केली. पाद्रीला कळल्यावर तो भडकला आणि मेरी सिब्लीला चर्चमध्ये सगळ्यांसमोर रडत चूक कबूल करावी लागली. झालं, एवढीच तिची गोष्ट. भीतीपोटी घरगुती तोडगा करणारी शेजारीण, तिला टीव्हीने सैतानाची राणी करून टाकलं.

टिट्युबाचंही तेच. पडद्यावर ती नेहमी आफ्रिकन, अंगारे-धुपारे, रात्री जंगलात मुलींना नाचवणारी. खटल्याच्या कागदांत तिला ‘इंडियन’ म्हटलंय, म्हणजे अमेरिकेतली मूळ रहिवासी ह्या अर्थाने, आणि जंगलातला तो नाच कागदांत कुठेच नाहीये. तिने १ मार्च १६९२ला कबुली दिली, काळा कुत्रा, लाल उंदीर, पिवळा पक्षी, काठीवर बसून उडणं, सैतानाच्या वहीत सह्या, सगळं सांगितलं. आणि ती वाचली! सेलमचा खरा थरार इथे आहे आणि तो कोणी धड वापरत नाही: ज्यांनी ‘हो, मी चेटकीण आहे’ म्हटलं आणि त्यावर टिकले त्यांना फाशी झाली नाही, आणि जे ‘मी देवाची साक्ष ठेवून सांगते, मी निर्दोष आहे’ ह्यावर अडून राहिले ते फासावर गेले. खोटं बोललं तर जीव वाचतो, खरं बोललं तर जातो. वर तुरुंगातल्या खाण्यापिण्याचा खर्च कैद्यानेच भरायचा, निर्दोष सुटलात तरी बिल चुकतं करेपर्यंत बाहेर नाही. टिट्युबा वर्षभराहून जास्त तुरुंगात पडून होती, शेवटी कोणीतरी तिचे पैसे भरून तिला विकत घेऊन गेलं. एवढं नाट्य फुकट पडलंय आणि आमचे लेखक सीजीआयचे कावळे उडवतात.

म्हणून मी म्हणते की सिरीजमध्ये सेलमला खरोखरच चेटकिणी होत्या असं दाखवलं की त्याचा अर्थ काय होतो, तर न्यायाधीशांचं बरोबर होतं. फार तर माणसं चुकीची पकडली, पण संशय खरा होता. लेखकाला वाटतं आपण बायकांच्या बाजूने लिहितोय, त्यांना ‘पॉवर’ देतोय, आणि प्रत्यक्षात तो सरकारी वकिलाची बाजू मांडत असतो. ज्या बाईने मरेपर्यंत ‘मी नाही त्यातली’ म्हटलं तिला तीनशे वर्षांनी आपण सांगतोय, होतीस गं तू. मला तरी हे ‘जाळलं’पेक्षा जास्त खुपतं.

इंग्लंडमधला एक प्रसंग सांगते, मला तो फार आवडतो, म्हणजे आवडतो हा शब्द चुकीचाच आहे. लँकशायरमधली पेंडल टेकडी, मार्च १६१२. ॲलिझन डिव्हाइस नावाची भीक मागणारी मुलगी रस्त्यात जॉन लॉ नावाच्या फेरीवाल्याकडे टाचण्या मागते. तो पोतडी उघडायला नको म्हणतो. ती चिडते, चार शब्द बोलते, आणि थोडं पुढे जाऊन तो माणूस कोसळतो, अर्धं अंग लुळं पडतं. आज आपण म्हणू पक्षाघात झाला. पण गंमत बघा, ॲलिझनचा स्वतःचाच विश्वास बसला की हे आपल्या तळतळाटाने झालं! तिने कबूल केलं, माफी मागितली. ऑगस्टमध्ये लँकेस्टरला दहा जणांना फाशी झाली, त्यात ती होती, आणि तिच्या घरच्यांविरुद्ध साक्ष दिली तिच्या नऊएक वर्षांच्या बहिणीने, कोर्टात टेबलावर उभं करून. ना पेंटाग्राम म्हणजे तो पाच टोकांचा तारा, ना काळे झगे. टाचण्या आणि शेजारपाजार. ज्यांनी आपल्याकडे ‘तिने माझ्या म्हशीकडे बघितलं आणि दूध आटलं’ हे ऐकलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

आता आकडा. तुमच्या सिरीजमध्ये नसेल कदाचित, पण बऱ्याच ठिकाणी कोणीतरी गंभीर चेहऱ्याने म्हणतं की नव्वद लाख बायका जाळल्या. हा आकडा आला कुठून, तर अठराव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत क्वेडलिनबुर्गच्या फोइग्ट नावाच्या गृहस्थांनी आपल्या गावच्या दफ्तरातल्या मोजक्या केसेस घेतल्या आणि त्रैराशिक मांडून अख्ख्या युरोपला, अनेक शतकांना लावल्या. उत्तर आलं चौऱ्याण्णव लाख आणि वर सुट्टे. पुढे तो आकडा पुस्तकांतून पुस्तकांत फिरत राहिला, अमेरिकेत १८९३ मध्ये मटिल्डा जोसलिन गेज ह्यांनी घेतला, तिथून स्त्रियांच्या चळवळीत गेला. आजचे इतिहासकार कोर्टाची कागदपत्रं मोजून साधारण चाळीस ते साठ हजारांच्या दरम्यान येतात, तेही सगळ्या युरोपात मिळून तीनेकशे वर्षांत. त्यात वीस-पंचवीस टक्के पुरुष. आइसलँडमध्ये तर मारले गेलेले जवळजवळ सगळेच पुरुष. आणि हे ‘मध्ययुग’ही नाही बरं का, सगळ्यात वाईट काळ साधारण १५६० ते १६५०, म्हणजे गॅलिलिओ दुर्बीण लावून आकाशात बघत होता तेव्हाचा. बहुतेक शिक्षा साध्या सरकारी कोर्टांनी दिल्या. जिला आपण सगळे व्हिलन धरतो ती स्पॅनिश इन्क्विझिशन, म्हणजे तिथलं कॅथलिक धर्मन्यायालय, ह्या बाबतीत उलट शंकेखोर निघाली, सालाझार नावाच्या त्यांच्याच अधिकाऱ्याने गावोगाव फिरून लिहून दिलं की पुरावा काही मिळत नाही.

चाळीस हजार म्हणजे काही कमी नाही, हे बोलायची गरज नसावी. मी बामबर्गच्या योहानेस युनिउसचं पत्र वाचलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं. हा शहराचा महापौर राहिलेला माणूस. १६२८ मध्ये छळ करून कबुली घेतल्यावर त्याने तुरुंगातून मुलीला चोरून पत्र लिहिलं की मी निर्दोष आहे, आणि हे पत्र लिहायला कित्येक दिवस लागले कारण दोन्ही हात निकामी झालेत.

आता विक्का. १९२१ मध्ये मार्गरेट मरे ह्या बाईंनी एक पुस्तक लिहिलं. ह्या मूळच्या इजिप्तच्या अभ्यासक, आणि आपल्या दृष्टीने गंमत म्हणजे जन्म कलकत्त्याचा. त्यांचं म्हणणं असं की ज्यांना चेटकिणी म्हणून मारलं ते खरं तर ख्रिश्चन धर्माच्या आधीच्या एका जुन्या गुप्त धर्माचे लोक होते, तेरा-तेराच्या गटाने जमायचे. सहकारी इतिहासकारांनी तेव्हाच नाकं मुरडली होती, पण एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातली चेटकावरची नोंद १९२९पासून चाळीस वर्षं मरेबाईंचीच होती, मग लोकांनी दुसरं काय वाचायचं? १९७५ मध्ये नॉर्मन कोहन ह्यांनी त्यांची उद्धरणं मूळ कागदांशी ताडून बघितली, तर कबुलीजबाबातले उडण्याचे, बेडूक होण्याचे भाग गाळून फक्त पटण्यासारखे तुकडे ठेवलेले निघाले. मी एडिटिंग रूममध्ये आयुष्य काढलंय, ही ट्रिक मला ओळखीची आहे.

मरेबाईंची ही कल्पना उचलून विक्का उभा करणारा मुख्य माणूस म्हणजे जेराल्ड गार्डनर. आयुष्यभर सिलोन, बोर्निओ, मलायात मळे आणि मग सरकारी कस्टम्समध्ये नोकरी, १९३६ मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला परत. त्याचं म्हणणं की १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट भागात एका जुन्या गटाने त्याला दीक्षा दिली. १९५१ मध्ये इंग्लंडने १७३५चा जुना चेटूक कायदा रद्द केला आणि १९५४ मध्ये गार्डनरचं पुस्तक आलं, प्रस्तावना कोणाची, तर मरेबाईंची. त्याच्याच गटातल्या डोरीन व्हॅलिएंट ह्यांनी विधींचा बराच मजकूर नव्याने लिहिला, कारण त्यात इतरांकडून उचललेलं बरंच होतं हे त्यांच्या लक्षात आलं होतं. ब्रिस्टलचे प्राध्यापक रोनाल्ड हटन ह्यांनी १९९९ मध्ये हा सगळा प्रवास सविस्तर मांडला आणि आज बरेच वाचणारे विक्कन स्वतःच म्हणतात, हो, आमचा धर्म नवा आहे, मग? नव्या धर्माला श्रद्धा नसते असं थोडंच आहे. अमेरिकेत २००७पासून सरकारी दफनभूमीत विक्कन सैनिकाच्या दगडावर पेंटॅकल, म्हणजे वर्तुळातला तोच तारा, कोरता येतं, त्यासाठी कोणाला येशूच्या आधीचा दाखला द्यावा लागत नाही.

सैतानाचं काय, तर विक्कात सैतान नाहीच. देवी आणि शिंगंवाला देव, वर्षाचे आठ सण, आणि ‘कोणाला इजा होत नसेल तर मनाला येईल ते कर’ ह्या अर्थाचं एक मुख्य सूत्र. सैतान हे पात्र ख्रिश्चन कथेतलं. २०१८ची नवी ‘सबरीना’ आहे ना, ज्यात सोळाव्या वाढदिवसाला काळ्या वहीत सही करायची असते, ती वही विक्कातून आलेली नाही, ती आलीय थेट खटल्यांतल्या जबान्यांतून, टिट्युबाने सांगितलेली तीच. विक्कनांपैकी बरेच चिडले, पण मजा म्हणजे कोर्टात गेले ते सॅटॅनिक टेम्पलवाले, म्हणजे सैतानाचं नाव लावणारी एक अमेरिकन संघटना, आमच्या बाफोमेटच्या, म्हणजे बकऱ्याच्या डोक्याच्या मूर्तीच्या, पुतळ्याची नक्कल केली म्हणून! मग आपसात मिटलं.

मग हे लोक अभ्यास करत नाहीत का? करतात, मी काही स्क्रिप्टबरोबर आलेल्या रिसर्च नोट बघितल्यात, बऱ्या असतात. पण आग कॅमेऱ्यावर दिसते, फास दाखवला की सेन्सॉर आणि प्रेक्षक दोघं अस्वस्थ होतात. आणि खरा विक्कन विधी पडद्यावर अगदीच थंड. एका कामाच्या वेळी इंग्लंडमधल्या एका विक्कन बाईंशी मेलवर बोलणं झालं होतं, त्या म्हणाल्या आमच्या विधीत अर्धा वेळ वाऱ्याने विझलेली मेणबत्ती पुन्हा लावण्यात जातो, मग केक खातो, वाइन पितो, घरी जातो. ह्याचे दहा एपिसोड कोण काढणार? मी स्वतः एकदा ‘सेलमला जाळलं’ला ‘सेलमला मारलं’ करून बघितलं. क्लायंटकडून परत आलं, मुळात आहे ते लिहा म्हणून. त्यांचं बरोबर होतं, अनुवादकाने लेखकाची चूक लपवायची नसते. तेव्हापासून निमूट जाळतेय.

थोडक्यात तुमच्यासाठी: सेलमची चिता खोटी, युरोपातली खरी, धर्माचं वय खोटं, धर्म खरा, सैतान उसना. मावसबहिणीच्या मैत्रिणीची बाजू घ्या.

आणि शब्द. विक्कन माणसाला विक्कनच म्हणा, त्याचं भाषांतर करू नका. जुन्या इंग्रजीत तो शब्द ‘विच्चा’ असा उच्चारायचे आणि तो पुल्लिंगी होता, पण ते राहू दे. ‘विच’ला मात्र एक शब्द नाही. हिंदीत सर्रास ‘चुडैल’ टाकतात, मराठीत कोणी ‘हडळ’ टाकतं, ते साफ चूक, कारण हडळ मेलेली असते आणि विच ही तुमच्या शेजारी राहणारी जिवंत बाई असते, सगळी भीती त्यातच आहे. ‘चेटकीण’ बरोबर, पण तो शब्द लहान मुलांच्या गोष्टींनी बोथट केलाय, ऐकला की लांब नाक आठवतं. धार असलेले शब्द आहेत ते सातपुड्यातलं ‘डाकीण’ आणि पालघर-डहाणूकडचं ‘भुताळी’. ते अजून जिवंत आहेत, म्हणजे त्यांच्यावरून अजून बायकांना मारहाण होते, म्हणूनच २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एखाद्याला करणी करणारा ठरवून छळणं हा गुन्हा धरलाय.

एका खटल्याच्या सीनचं डबिंग चालू होतं, गर्दी ओरडते ‘विच, विच’. मी ‘चेटकीण’ लिहिलं होतं. गर्दीचे आवाज द्यायला आलेल्यांत डहाणूकडची एक मुलगी होती, ती ब्रेकमध्ये म्हणाली, मॅडम, चेटकीण ओरडताना हसू येतं हो, आमच्याकडे भुताळी म्हणाले की माणूस घराबाहेर पडत नाही. मी बदललं. क्यूसीने, म्हणजे शेवटी तपासणाऱ्यांनी, परत पाठवलं, शब्द प्रेक्षकांना कळणार नाही म्हणून. गर्दीला पुन्हा चेटकीण दिलं. पण त्याच सीनमध्ये मागच्या बाकावरची एक म्हातारी शेजारणीच्या कानात तोच शब्द कुजबुजते, तिची पाठ आपल्याकडे आहे, ओठ दिसत नाहीत, म्हणून लिपसिंकची भानगड नव्हती. तिथे त्याच मुलीच्या आवाजात ‘भुताळी’ राहून गेलं आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.